शेवटच्या कडव्याची परवानगी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या कंपनीत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी पर्सोनेल खात्यात स्टेनो. चुकीचा कागद समोर आला की माझं डोकंच फिरायचं. त्यामुळेच असेल, कंपनीच्या नाट्यमंडळात मला कुणी साधी शेजारणीची भूमिकासुद्धा कधी दिली नाही, पण कागदपत्रं मात्र सगळी माझ्या गळ्यात. संहितेचं प्रमाणपत्र आणा, हॉलचं पत्र टाइप करा, नाटकात गाणं असेल तर ज्याचं गाणं त्याची लेखी परवानगी मिळवा. वर प्रयोगाच्या दिवशी विंगेत घड्याळ धरून उभं राहायचं आणि पडदा पाडायची खूण करायची. ‘शुभदाबाई आहेत म्हणजे कागदाची चिंता नाही,’ असं आमचा दिग्दर्शक नंदकिशोर चारचौघांत म्हणायचा, आणि मी मेली त्यातच खूश व्हायचे.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. पिंपरी-चिंचवडमधल्या कारखान्यांची एकांकिका स्पर्धा होती आणि आम्ही पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचलो होतो. नंदकिशोर टूलरूममध्ये होता. एकांकिका त्यानंच लिहिलेली, दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिकाही त्याचीच. बारा माणसं पहिली पाळी संपली की कॅन्टीनमागच्या शेडमध्ये जमायची. दोन महिने कुणी ओव्हरटाइम घेतला नव्हता. पहिला नंबर आला तर मुंबईला प्रयोग होणार होता, म्हणून घरच्यांची बोलणी खाऊनही सगळे यायचे.

एकांकिकेच्या शेवटी एक गाणं होतं. ते म्हणायची नीला, आमच्या कॉइल वाइंडिंगमधली बावीस वर्षांची मुलगी. गाणं तिच्या घरचंच. तिचे वडील साहेबराव भोसरीला राहायचे. त्यांची गायन पार्टी होती, आणि चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत त्यांना ऐकायला लोक आकुर्डी-देहूरोडवरून सायकली हाणत यायचे. पुढे फाउंड्रीच्या धुळीनं त्यांचा गळा गेला, पार्टी मोडली. नीलाचा आवाज मात्र असा काही होता, की तालमीत ती गायला लागली की चहावाला किटली खाली ठेवायचा.

मी रीतसर पत्र टाइप केलं. कवी व चाल, श्री. साहेबराव. नीला ते घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सही करून आणलं. मी फाइलला लावलं. झालं.

फायनल गुरुवारी दुपारी तीनला होती. गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी. आदल्या सोमवारी नंदकिशोरनं सबंध एकांकिकेला घड्याळ लावलं तर भरली सेहेचाळीस मिनिटं. स्पर्धेचा नियम पंचेचाळीसचा. एक सेकंद वर गेला तरी संघ बाद.

“शेवटचं कडवं काढून टाका,” नंदकिशोर म्हणाला. “मिनिटभर वाचेल. पहिल्या दोन कडव्यांत अर्थ पोचतोय. तिसऱ्यात आहे काय? कस्तुरा म्हणे न् फस्तुरा म्हणे.”

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. नीला तेवढी हसली नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डबा उघडलेला नव्हता. म्हणाली, “शुभदाताई, ती परवानगी रद्द करा.”

“का गं? आता काय झालं?”

“कस्तुरा माझी आई आहे. गाणं तिचं आहे.”

तिनं मला समजावून सांगितलं. त्यांच्या गायन पार्ट्यांमध्ये गाणं रचणारा आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. त्याला ते छाप म्हणतात. दुसऱ्या कुणाला ते गाणं स्टेजवर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, फक्त छापेसकट. नाव घेतलं की परवानगी, नाव गाळलं की चोरी. त्यांच्यात दुसरा कागद नसतो.

“मग वडिलांनी सही कशी केली?”

“तुम्ही पत्रात त्यांचं नाव टाइप केलंत, त्यांनी केली सही,” नीला म्हणाली. “वीस वर्षं स्टेजवर ते ‘साहेबराव म्हणे’ असंच गात आले. घरात आई आम्हाला ‘कस्तुरा म्हणे’ शिकवायची. बायकोनं गाणं करायचं आणि नवऱ्यानं म्हणायचं, लोक हसतील, असं बाबांना वाटायचं. मी तालमीत पहिल्या दिवसापासून आईचं नाव घेतलं. मला वाटलं, निदान इथं तरी कुणी विचारेल, ही कस्तुरा कोण.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसली गत. दोन महिने जिचं नाव रोज कानावर पडत होतं, तिला सोडून मी भलत्याचीच सही आणून फाइलला लावली होती. वर माझी ख्याती काय, तर कागदात चूक सापडायची नाही!

संध्याकाळी मी नीलाबरोबर भोसरीची बस धरली. पर्समध्ये नवं पत्र होतं, नाव मोकळं सोडलेलं, आणि ऑफिसातलं शाईचं पॅड. दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. कस्तुराबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. तिथल्याच एका वर्कशॉपात त्या पितळी नटांच्या पेट्या भरायच्या, बोटं काळी झालेली. साहेबराव कॉटवर बसले होते. मी “जयभीम” म्हटलं तसं त्यांनी हात जोडले, पण मी कशाला आले ते कळल्यावर तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी पत्र वाचून दाखवलं आणि पॅड काढलं. कस्तुराबाईंनी पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“त्ये ठिवा तिकडं,” त्या म्हणाल्या. “गाणी काय अंगठ्यानं लिवली व्हय मी? पेन द्या.”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि पत्रावर झुकल्या. पण सही करायच्या आधी थांबल्या.

“बाई, एक लिवा ह्यात. शेवटचं कडवं माज्या नावासकट म्हणायचं. न्हाई म्हणलं तर परवानगी न्हाई. मंग गाणं काढून टाका, माजी तक्रार न्हाई.”

मी लिहिलं, अक्षरशः तसंच. त्यांनी सही केली. अक्षर माझ्या साहेबापेक्षा चांगलं होतं.

साहेबराव भिंतीकडेच बघत बोलले. आवाज कसला, नुसती घरघर. “वीस वर्सं माज्या नावानं गायलं. तवा कुणाच्या पोटात दुखलं न्हाई.”

“माज्या दुखत व्हतं,” कस्तुराबाई म्हणाल्या. “तुमी इचारलं न्हाई.”

नीला स्टोव्हला पंप मारायला लागली. साहेबराव म्हणाले, “मी काय यायचा न्हाई गुरुवारी.” कस्तुराबाईंनी नुसती मान हलवली आणि मला चहा दिला.

बुधवारी तालमीच्या आधी मी नंदकिशोरला गाठलं आणि नवं पत्र त्याच्या हातात दिलं. जुनं मी फाडलं होतं. त्यानं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अहो शुभदाबाई, वेड लागलंय का तुम्हाला? उद्या प्रयोग! ही अट कोण वाचणार आहे? परीक्षक पत्र आहे की नाही एवढंच बघतात.”

“मी वाचली आहे ना. तेवढं पुरे.”

“आणि पंचेचाळीस मिनिटांचं काय?”

“तुझं स्वगत काढ. दीड मिनिटाचं आहे.”

“माझं स्वगत?” तो एवढ्यानं ओरडला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. “अख्खी एकांकिका त्या स्वगतावर उभी आहे!”

“वा रे वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? हे बघ नंदकिशोर, कडवं नसेल तर उद्या मीच परीक्षकांपुढे जाईन आणि सांगेन की ह्या गाण्याला परवानगी नाही. तिथल्या तिथे बाद होऊ. मला ओळखतोस तू.”

ओळखत होताच तो. बाकीचे दहा जण माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांच्या पानातला घास काढून घेतेय. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्यातल्या दोघांनी तर ह्या नाटकापायी बढतीची परीक्षा सोडली होती. शेवटी नंदकिशोर म्हणाला, “ठीक आहे. स्वगत गेलं.” त्या दिवशीची तालीम त्यानं स्वगताशिवाय केली, कडव्यासकट. पंचेचाळीसला अर्धं मिनिट कमी. नीलानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

गुरुवारी हॉल खच्चून भरला. माझी जागा डाव्या विंगेत. शेजारी पडद्याची दोरी धरून वेल्डिंगचा भिवा. त्याचं एकच काम होतं, माझा वर धरलेला हात खाली आला की दोरी सोडायची. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. कस्तुराबाई चौथ्या रांगेत, भोसरीच्या सात-आठ बायका घेऊन बसल्या होत्या. हिरवं इरकली लुगडं नेसल्या होत्या आणि मांडीवर हात ठेवून अगदी ताठ होत्या. साहेबराव कुठे दिसले नाहीत.

तीनला पडदा उघडला आणि मी घड्याळ सुरू केलं. पहिली वीस मिनिटं काय सुरेख गेली म्हणून सांगू! लोक हसायच्या जागी हसत होते, गप्प व्हायच्या जागी गप्प होत होते. नंदकिशोरला तीनदा टाळी पडली. तिसऱ्या टाळीला मी त्याचा चेहरा पाहिला आणि आता काय होणार ते ओळखलं. नटाला टाळी चढते, आणि चढली की त्याला कालचं काही आठवत नाही.

चढलीच. स्वगताची जागा आली आणि हा पठ्ठ्या पुढे झाला. दोन्ही हात पसरले आणि सुरुवातीपासून सगळं स्वगत म्हणायला लागला. मी विंगेतून हातवारे केले, दात-ओठ खाल्ले, “नंदकिशोर, मेल्या!” असं कुजबुजलेसुद्धा. त्याचं लक्ष कुठलं! स्वगत संपलं तेव्हा हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि माझ्या घड्याळातलं दीड मिनिट कायमचं गेलं होतं.

पुढच्या प्रवेशात मुलांनी जीव तोडून वेग धरला. त्यांनाही हिशेब कळला होता. संवादावर संवाद पडत होते. तरी गाणं सुरू झालं तेव्हा बेचाळीस मिनिटं होऊन गेली होती. पहिलं कडवं चाललं असताना परीक्षकांच्या टेबलावरची घंटी वाजली. घंटी म्हणजे दोन मिनिटं उरली. नीलाचा सूर हलला नाही.

दुसरं कडवं संपलं. चव्वेचाळीसला पाच सेकंद कमी. इथे पडदा पाडला असता तर आम्ही आरामात आत होतो. समोरच्या विंगेतून नंदकिशोर घामाघूम होऊन मला खुणा करत होता. “पाडा! पाडा!” ओठांवरून स्पष्ट कळत होतं. भिवा दोरी धरून माझ्या हाताकडे बघत होता. “ताई, सोडू?” त्यानं विचारलं.

नीलानं मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं, की दिलेला शब्द आहे का गेला.

“नाही सोडायची,” मी भिवाला म्हटलं.

नीलानं श्वास घेतला आणि तिसरं कडवं उचललं.

*घामाची ही शाई झाली, पाठ झाली पाटी,*
*कस्तुरा म्हणे, माझी ओळ लेकीच्या गं ओठी.*

चाल संथ होती, घाई करता येणारीच नव्हती. मी काट्यावर डोळे लावून होते. चाळीस सेकंद, पंचेचाळीस. नीलानं शेवटचा ‘ओठी’ सोडला तेव्हा चव्वेचाळीस मिनिटं नि पन्नास सेकंद झाले होते. दहा सेकंद हातात! नाव झालं होतं, वेळही जमली होती. मी जिंकले होते, देवाशपथ जिंकले होते. माझा हात खाली यायला निघाला.

तेवढ्यात हॉलच्या पार मागून आवाज आला.

“कस्तुरा म्हणे...”

फाटलेला, घरघरणारा, सुरात नसलेला आवाज. सगळ्यांच्या माना वळल्या. शेवटच्या रांगेच्या मागे, दाराशी, साहेबराव उभे होते. एक हात कानावर, दुसरा हवेत.

गायन पार्टीत मुख्य गाणाऱ्यानं छापेची ओळ म्हटली की मागचे झीलकरी ती उचलून परत म्हणतात, आणि मग गाणारा ती शेवटची एकदा म्हणून गाणं पुरं करतो. त्याशिवाय नाव पोचलं असं धरत नाहीत. हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं, नीलानं नंतर सांगितलं. मला फक्त एवढं दिसलं, की सबंध आयुष्य पुढे उभा राहून गाणारा तो माणूस मागे उभा राहून बायकोच्या नावाची झील धरत होता, आणि ती ओळ म्हणताना त्याला दोनदा खोकला आला. चौथ्या रांगेत कस्तुराबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

चव्वेचाळीस मिनिटं, सत्तावन्न सेकंद. माझा हात अर्ध्यावर होता. भिवा माझ्याकडे बघत होता. समोर नंदकिशोर दोन्ही हात जोडून उभा होता, खरंच हात जोडून. बारा माणसांचे दोन महिने माझ्या मनगटात होते. मी हात परत वर नेला.

नीलानं ओळ घेतली, वडिलांच्या तुटक्या सुरावर आपला सूर ठेवून. “कस्तुरा म्हणे...” भोसरीच्या बायका बसल्या जागेवरून म्हणायला लागल्या. परीक्षकांची लांब घंटी वाजली, ती कुणी ऐकलीही नसेल. ओळ पुरी झाली तेव्हा मी हात खाली आणला आणि भिवानं दोरी सोडली. पंचेचाळीस मिनिटं, अठ्ठावीस सेकंद.

नंदकिशोर पडद्यामागे माझ्यावर धावूनच आला. “अठ्ठावीस सेकंद! शुभदाबाई, अठ्ठावीस सेकंदांनी मातीत घातलंत आम्हाला!”

“आणि तुझं दीड मिनिट कुठे गेलं रे?” मी त्याच्या दुप्पट ओरडले. “टाळ्या कुणाच्या खिशात गेल्या?”

तो मटकन लाकडी खोक्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडला. मला त्याची दया आली, पण जवळ जायचं धाडस झालं नाही. बाकीचे आपापला मेकअप पुसत होते. माझ्याशी कुणी बोललं नाही. नीला येऊन माझ्या पाया पडली, तर मी तिलाही रागावले. मग माझाच बांध फुटला. आम्ही बाद झाल्याचं त्यांनी कर्ण्यावरून जाहीर केलं तेव्हा मी मागच्या दारानं बाहेर पडत होते.

बाहेर ऊन उतरलं होतं. सायकल स्टँडपाशी साहेबराव कठड्याला टेकून धापा टाकत उभे होते. कस्तुराबाई हॉलमधून एकट्याच आल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी जागच्या जागी थांबले. दोघांनाही मी दिसले नाही.

साहेबरावांनी मान वर केली नाही. तसेच म्हणाले, “लई बेसूर झालं का गं?”

“व्हय,” कस्तुराबाई म्हणाल्या. “सूर गेला तुमचा. नाव बरूबर घेतलं.”

कस्तुराबाईंनी त्यांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि दोघं बस स्टॉपकडे चालायला लागली.